पेनीची पारख

छापा कीं काटा, असा कौल लावण्यासाठीं जो मनुष्य नाणें हवेंत उडवितो, त्याला त्या नाण्याच्या दोन्ही बाजू पाठ आहेत असेंच वाटत असतें. पण नाणें मुठींत झांकून त्याला विचारावें कीं, वरील मुखवटा उजवीकडे पाहतो कीं डावीकडे, साल कोठें घातलें आहे, कडेचे दांते लांब आहेत कीं आंखूड, तर तो गोंधळून जातो. दिवसांतून दहा वेळां हातांतून जाणारी वस्तु मनुष्य मोजतो. ती तो पाहत नाहीं. आणि वस्तु जितकी हलक्या किंमतीची, तितकें तिच्याकडे दुर्लक्ष अधिक. मोहरेला कसोटीचा दगड लागे, रुपया वाजवून घेतला जाई. दमडीची पारख करण्याच्या भानगडींत कोण पडणार?

परंतु इंग्लंडांत नेमकी हीच दमडीची पारख गेल्या शतकांत एका व्यासंगाच्या पदवीस पोंचली. पेनी, अर्धी पेनी व फार्दिंग हीं तेथलीं सर्वांत हलकीं नाणीं. चार फार्दिंगांची एक पेनी, बारा पेन्यांचा एक शिलिंग व वीस शिलिंगांचा एक पौंड, असा तेथला जुना हिशेब होता. म्हणजे एका पौंडांत २४० पेन्या किंवा ९६० फार्दिंगें. राजेराण्यांच्या सोन्याच्या नाण्यांचे संग्रह श्रीमंतांच्या घरीं पूर्वींपासूनच होते. पण बाजारांतून मिळालेली मोड घरीं आणून, दिव्याखालीं भिंग धरून, एकाच सालाच्या दोन पेन्यांत काय फरक आहे हें शोधणारा संग्राहक हा बहुधा कारकून, शिक्षक, कामगार किंवा शाळेंतला विद्यार्थी असे. त्याच्याजवळ पैसा नव्हता. डोळे आणि सवड होती. त्या डोळ्यांनीं काय पाहिलें, आणि त्यांतून काय शिकण्यासारखें आहे, हा या भाषणाचा विषय आहे.

सन १८६० पर्यंत हीं नाणीं तांब्याचीं असत. तीं जड असत व वापरांत लौकर झिजत. त्या वर्षीं लंडनच्या शाही टांकसाळीनें ब्राँझ हा मिश्र धातु स्वीकारला. शंभर भागांत ९५ भाग तांबें, ४ भाग कथील व १ भाग जस्त असें त्याचें प्रमाण होतें. नाणें पूर्वींपेक्षां पातळ, हलकें व कठीण झालें. त्याच्या वजनाचें गणितहि मोठें सुबक होतें. तीन पेन्या, पांच अर्ध्या पेन्या किंवा दहा फार्दिंगें घेतलीं कीं बरोबर एक औंस भरे. आणि अर्ध्या पेनीचा व्यास एक इंच होता. शिपायाच्या शिस्तीनें आंखलेल्या अशा नाण्यांत भेद तरी कोठून यावेत, असा प्रश्न कोणालाहि पडेल.

त्याचें उत्तर नाणें ज्यांतून जन्मतें त्या ठशांत आहे. कलावंताच्या मूळ आकृतीवरून पोलादाचा एक मातृठसा तयार होतो. त्याच्यापासून पुढें कामाचे अनेक ठसे निघतात. छाप्याचा एक ठसा व काट्याचा एक ठसा यांच्यामध्यें धातूची कोरी चकती सांपडते, यंत्राचा आघात होतो, आणि नाणें बाहेर पडतें. हजारों आघात सोसल्यावर ठसा बोथट होतो किंवा तडकतो. मग त्याच्या जागीं दुसरा बसविला जातो. एका सालांत पेन्यांचीं लक्षावधि नाणीं पाडावयाचीं, तर त्याला कितीतरी ठसे लागणार हें उघडच आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळीं सालाचे शेवटचे आंकडे पुष्कळदां ठशावर हातानें ठोकले जात. हात माणसाचा, तो कधीं आंकडा जरा दूर ठोकी, कधीं जरा वर. कधीं जुना ठसा वांचविण्यासाठीं त्यावरील जुन्याच आंकड्यावर नवा आंकडा उमटवी. सन १८६५ च्या कांहीं पेन्यांवर ५ च्या पोटांत ३ चे अवशेष भिंगांतून स्पष्ट दिसतात. कोणा कारागिरानें केलेली ती काटकसर. शंभर-दीडशें वर्षांनंतर ती एका अपरिचित माणसाच्या टेबलावर उघडकीस येते.

ब्राँझच्या पहिल्याच वर्षीं, म्हणजे १८६० सालीं, हे भेद विशेष विपुल झाले. राणीच्या डोक्यावर केसांचा अंबाडा दाखविला असल्यानें संग्राहकांत ही पेनी अंबाड्याच्या नांवानेंच ओळखली जाते. आरंभीं तिच्या कडेला बारीक मण्यांची माळ होती. नंतर त्याच वर्षीं मण्यांच्या जागीं दांते आले. या संक्रमणाच्या काळांत कांहीं नाण्यांना एका बाजूस मणी व दुसऱ्या बाजूस दांते, अशी जोडी मिळाली. मुखवटा कोरणारा कलावंत लिओनार्ड चार्ल्स वायन याची सही कांहीं पेन्यांवर गळ्याच्या कडेवर आहे, कांहींवर गळ्याखालीं आहे, आणि कांहींवर मुळींच नाहीं. पुढें १८६३ च्या अगदीं थोड्या पेन्यांवर सालाखालीं ठशाचा क्रमांक आढळतो. सन १८६४ मध्यें चारच्या आंकड्याचे दोन घाट दिसतात. एकाच्या आडव्या रेघेच्या टोंकाला छोटी उभी रेघ आहे, दुसऱ्याचें टोंक साधें आहे. जो मनुष्य फक्त साल वाचतो त्याला या सर्व पेन्या सारख्याच. जो अक्षर वाचतो त्याच्यापुढें टांकसाळीच्या कारखान्याचें दार किलकिलें होतें.

भेदांचा दुसरा प्रकार हेतुपुरस्सर झालेला आहे. लंडनच्या टांकसाळीला काम उरकेना तेव्हां बर्मिंगहॅमच्या हीटन यांच्या खासगी टांकसाळीकडून पेन्या पाडून घेतल्या गेल्या. त्यांची खूण म्हणून १८७४, १८७५, १८७६, १८८१ व १८८२ या सालांच्या खालीं एच हें इवलेंसें अक्षर आहे. पंचम जॉर्जच्या अमदानींत १९१२, १९१८ व १९१९ सालीं तेंच अक्षर सालाच्या डाव्या बाजूस पुन्हां आलें. आणि १९१८ व १९१९ या दोन वर्षीं त्याच शहराजवळच्या किंग्ज नॉर्टन कारखान्याचीं के व एन हीं अक्षरेंहि आलीं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मोडीची मागणी वाढल्याचा तो पुरावा आहे. हीं अक्षरें इतकीं बारीक आहेत कीं, थोडीशी झीज झाली कीं तीं लोपतात.

आणि येथेंच या छंदांतला पहिला सांपळा आहे. सन १८८२ च्या जवळजवळ सर्व पेन्या एच अक्षराच्या आहेत. अक्षर नसलेली त्या सालाची पेनी अतिशय दुर्मिळ. तेव्हां ज्याच्या हातीं गुळगुळीत झालेली १८८२ ची पेनी लागते, त्याला अक्षर दिसत नाहीं आणि आनंदानें त्याची झोंप उडते. पण अक्षर न दिसणें म्हणजे अक्षर नसणें नव्हे. तें झिजून गेलें असेल. एकाद्या लबाड हातानें घांसूनहि टाकलें असेल. खरा पारखी सालाखालच्या रिकाम्या जागेवर भरंवसा ठेवीत नाहीं. तो उरलेल्या नाण्याला साक्षीला बोलावतो. अक्षराशिवाय पडलेल्या पेनीचे ठसे कोणत्या घाटाचे होते, आणि समोरच्या पेनीचे कोणत्या, हें तो ताडून पाहतो. अभावाच्या पुराव्यावर निकाल द्यावयाचा नाहीं, हा न्यायालयांतला नियम येथें एका पेनीलाहि लागू आहे.

काट्याच्या बाजूवर ब्रिटानिया ही इंग्लंडची मानवरूप देवता बसलेली असते. डोक्यावर शिरस्त्राण, एका हातीं ढाल, दुसऱ्या हातीं त्रिशूळ, आणि मागें समुद्र. सन १८६० पासून तिच्या एका अंगास दीपस्तंभ व दुसऱ्या अंगास जहाज होतें. सन १८९५ मध्यें राणीचा नवा वृद्ध मुखवटा आला, त्या वेळीं जहाज व दीपस्तंभ दोन्ही नाहींसे झाले. दीपस्तंभ तेवढा १९३७ सालीं परत आला. त्याच १८९५ सालच्या थोड्या पेन्यांवर त्रिशूळ व पेनी शब्दाचें पहिलें अक्षर यांत सुमारें दोन मिलिमीटर अंतर आहे. नेहमींच्या पेन्यांवर तें एकच मिलिमीटर असतें. एका मिलिमीटरच्या या फरकासाठीं माणसें वर्षानुवर्षें शोध करीत आलीं आहेत.

सातव्या एडवर्डच्या पहिल्या वर्षाची, १९०२ ची पेनी याहूनहि गमतीची आहे. बहुतेक पेन्यांवर समुद्राची क्षितिजरेषा ब्रिटानियाचे पाय जेथें एकमेकांवर येतात तेथें तिला भिडते. कांहीं पेन्यांवर मात्र ती रेषा त्याहून खालीं आहे. संग्राहकांनीं पहिलीला भरतीची पेनी व दुसरीला ओहोटीची पेनी म्हणावयास प्रारंभ केला. ओहोटीची पेनी कमी सांपडते. पण ती लाखमोलाची नव्हे. नवशिक्याला ती हाताशीं येण्यासारखी आहे, आणि म्हणूनच ती उत्तम गुरु आहे. ती एकदां ओळखतां आली कीं डोळ्याला संवय लागते: आकृतीकडे पाहावयाचें नाहीं, आकृतींतील नात्यांकडे पाहावयाचें. रेषा कोठें मिळते, अक्षराचें टोंक कडेच्या दांत्याकडे रोखलेलें आहे कीं दोन दांत्यांच्या मधल्या फटीकडे, दोन आंकड्यांत अंतर किती, हे प्रश्न विचारण्याची रीत त्याला कळते.

कांहीं भेद टांकसाळीच्या अडचणींतून निघाले. पंचम जॉर्जचा मुखवटा मोठा व खोल कोरलेला होता. आघाताच्या क्षणीं धातु त्या खोलगट भागांत ओढला जाई, आणि दुसऱ्या बाजूवर ब्रिटानियाच्या भोंवतीं राजाच्या डोक्याची पुसट बाह्यरेषा उमटे. या दोषाला तेथें भुताची छाया असेंच म्हणत. तो घालविण्यासाठीं टांकसाळीनें पुष्कळ खटपट केली. सन १९२३ पासून १९२५ पर्यंतच्या सालांच्या पेन्या नाहींतच. त्यांची गरज नव्हती. परंतु १९२२ च्या अगदीं थोड्या पेन्यांवर पुढें १९२७ पासून रूढ झालेल्या ब्रिटानियाचा नमुना आढळतो, म्हणजे सुधारणेची ती पूर्वतयारीच होती. सन १९२६ मध्यें सुमारें ४५ लक्ष पेन्या निघाल्या. त्यांतल्या बहुतेकांवर जुना मुखवटा आहे. थोड्यांवर मात्र सुधारलेला, उठाव कमी केलेला मुखवटा आला. कलावंत बर्ट्राम मॅकेनल याचीं बी व एम हीं आद्याक्षरें जुन्या मुखवट्याच्या गळ्यावर टिंबांसह आहेत. सुधारलेल्या मुखवट्यावर तीं टिंबांवांचून व अधिक उजवीकडे सरकलेलीं आहेत. सन १९२८ मध्यें डोकें आणखी लहान करण्यांत आलें. एका दोषाशीं झगडणाऱ्या कारखान्याची रोजनिशी अशा रीतीनें लोकांच्या खिशांत फिरत होती. ती वाचणारे तेवढे विरळ होते.

कांहीं भेद तर थेट इतिहासाचे आहेत, आणि त्यांतल्या एकाशीं या देशाचाहि संबंध येतो. व्हिक्टोरिया राणी १८७७ च्या आरंभीं हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित झाली. पण इंग्लंडांतील ब्राँझच्या नाण्यांवर ती पदवी १८९५ सालीं आली. लॅटिन भाषेंतील इंड इंप हीं दोन तोकडीं रूपें, म्हणजे हिंदची सम्राज्ञी किंवा सम्राट, तेव्हांपासून लंडनच्या भाजीवालीच्या गल्ल्यांत पडून राहिलीं. हिंदुस्थान १९४७ सालीं स्वतंत्र झाला. ता. २२ जून १९४८ च्या घोषणेनें राजानें ती पदवी सोडली, आणि १९४९ पासूनच्या पेनीवर तीं दोन रूपें दिसत नाहींत. सन १९४८ ची व १९४९ ची पेनी शेजारीं शेजारीं ठेवावी. राजा तोच, मुखवटा तोच, ब्रिटानिया तीच. फक्त कडेच्या मजकुरांत थोडीशी जागा मोकळी झाली आहे. एका साम्राज्याचा अस्त सहा अक्षरांच्या अभावांत सामावला आहे. एलिझाबेथ राणीच्या १९५३ च्या पेनीवर सर्व ब्रिटिश प्रदेशांची राणी अशा अर्थाचे शब्द होते. १९५४ च्या वर्षापासून तेहि गेले.

इतके भेद ऐकल्यावर प्रत्येक ओरखडा म्हणजे शोध, असें वाटण्याचा संभव आहे. म्हणून भेद कशाला म्हणावयाचें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. ठशाच्या रचनेंत जो फरक आहे तो खरा भेद. ठसा तडकल्यामुळें उमटलेली रेघ, किंवा ठशांत पडलेल्या खड्ड्यामुळें आलेला ठिपका, ही इजा. सन १९४६ च्या कांहीं पेन्यांवर वन या शब्दानंतर एक ठिपका दिसतो. तो ठशाच्या इजेचा आहे. तो जमविण्यास हरकत नाहीं. पण तो टांकसाळीनें योजलेला नाहीं, हें टिपणांत लिहून ठेवावें. आणि नाणें टांकसाळींतून बाहेर पडल्यावर त्याला जें जें झालें, खिळ्यानें पडलेली खोंच, रस्त्यावरची घांस, मुलानें कानशीनें केलेला खेळ, तें सर्व अपघातांत जमा. खोडसाळपणानें सालाचा शेवटचा आंकडा कोरून बदललेलीं नाणींहि बाजारांत येतात. आंकड्याच्या मुळाशीं धातु खरवडलेला दिसतो, आणि बाकीचे ठसे त्या सालाचे नसतात.

नवशिक्याचा सर्वांत मोठा शत्रु मात्र दुसराच आहे, आणि तो म्हणजे त्याची स्वतःची हौस. घरीं आणलेलें काळें नाणें चिंचेनें किंवा राखेनें घांसून लख्ख करण्याची इच्छा आवरत नाहीं. वास्तविक पाहतां काळेपणा हा पुष्कळदां टांकसाळीचाच असतो. सन १८९७ पासून १९१८ पर्यंत फार्दिंगें मुद्दाम काळवंडून बाहेर सोडलीं जात. कारण मोठें व्यावहारिक होतें. नवें चकाकणारें फार्दिंग व सोन्याचा अर्धा सॉव्हरिन यांचा आकार इतका जवळचा, कीं अंधारांत कोणीहि फसावें. आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या ४८० पट. दुसऱ्या महायुद्धांत कथील दुर्मिळ झालें, धातूंतलें त्याचें प्रमाण उतरलें, आणि १९४४ ते १९४६ च्या पेन्याहि टांकसाळीनें काळवंडल्या. असें नाणें घांसणारा मनुष्य मळ काढीत नाहीं, पुरावा पुसतो. एकदां गेलेली मूळ त्वचा कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. नाणें कडेला धरावें, तोंडावर बोट टेंकवूं नये, प्रकाश एका बाजूनें तिरपा पडूं द्यावा, दहापट दाखविणारें साधें भिंग घ्यावें, नाजूक कांट्यावर वजन करावें, आणि नाण्याला दुसरें कांहीं करूं नये. जवळ त्याच सालाचें एक सामान्य नाणें ठेवून दोहोंची तुलना करावी. दुर्मिळ वस्तु ओळखण्याचा मार्ग सामान्य वस्तु नीट ओळखण्यांतून जातो.

हें ज्ञान पूर्वीं विस्कळित होतें. सी. विल्सन पेक यांनीं ब्रिटिश म्यूझियममधील तांब्याच्या, कथिलाच्या व ब्राँझच्या नाण्यांची प्रचंड सूचि १९६० सालीं प्रसिद्ध केली. पुढें १९७० मध्यें मायकेल फ्रीमन यांनीं ब्राँझ नाण्यांवरच स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांची पद्धति सोपी पण भेदक आहे. छाप्याच्या प्रत्येक घाटाला एक अंक, काट्याच्या प्रत्येक घाटाला एक अक्षर. अंक व अक्षर यांची जोडी झाली कीं पेनीचें कुलगोत्र ठरलें. एकाच सालांत एकाच अंकाच्या छाप्याशीं दोन निरनिराळ्या अक्षरांचे काटे जोडले गेले असतील, तर त्या दोन पेन्या भिन्न. या यादींत आजहि भर पडते, आणि ती घालणारे पुष्कळसे हौशी लोकच असतात.

या छंदाला पूर आला तो तिसऱ्याच कारणानें. दशमान नाणीं येणार, जुनीं जाणार, हें १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत स्पष्ट झालें. फार्दिंग १९६० च्या अखेरीस व्यवहारांतून गेलेंच होतें. अर्धी पेनी १९६९ मध्यें गेली. ता. १५ फेब्रुवारी १९७१ रोजीं दशमान पद्धति सुरू झाली, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस जुनी पेनी बंद झाली. मधल्या वर्षांत घरोघर एकच उद्योग चालला. पांच पौंडांच्या पेन्या म्हणजे बाराशें नाणीं, वजन पंचवीस रत्तल. त्या आणाव्या, स्वयंपाकघरांतल्या टेबलावर ओताव्या, सारें कुटुंब भोंवतीं बसावें, चाळाव्या आणि सकाळीं परत कराव्या. झिजलेली अंबाड्याची राणी तेव्हांहि त्या ढिगांत भेटे. शंभर वर्षांचीं नाणीं एकाच वेळीं चलनांत होतीं. जें तेव्हां कोणी बाजूला काढलें नाहीं, त्यांतलें बहुतेक भट्टींत गेलें. एवढ्या मोठ्या प्रमाणावर पाहण्याची ती शेवटची संधि होती.

त्या टेबलांवर प्रत्येकाच्या मनांत एकच साल असे: १९३३. त्या वर्षीं पेढ्यांत पेन्यांचा सांठा भरपूर होता, म्हणून व्यवहारासाठीं पेनी पाडलीच नाहीं. इमारतींच्या कोनशिलांखालीं चालू सालाचीं नाणीं ठेवण्याची प्रथा असल्यानें व संग्रहालयासाठीं अशा मोजक्याच पेन्या निघाल्या. सातच ज्ञात आहेत असें सामान्यतः मानलें जातें. एक लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसच्या पायांत आहे. आणखी दोन लीड्स शहरांतील दोन चर्चांच्या कोनशिलांखालीं होत्या. मिडल्टन येथील सेंट क्रॉस चर्चच्या कोनशिलेखालची पेनी १९७० सालीं चोरीस गेली. तेव्हां हॉक्सवर्थ वुड येथील सेंट मेरी चर्चच्या पेनीवरहि तोच प्रसंग येईल अशी धास्ती पडली. रिपनच्या बिशपांनीं ती काढून विकण्याचा निर्णय घेतला, आणि १९७२ मध्यें तिचा लिलांव झाला. देवळाच्या पायांत श्रद्धेनें ठेवलेला एक पैसा. तो एका पैशाचाच राहिला असता तर चिरकाल तेथें निजून राहिला असता. त्याला किंमत आली आणि त्याची जागा गेली. या छंदाची काळी बाजू एवढ्या एका हकीकतींत दिसून येते. जो नाण्याचा इतिहास पाहतो त्याला तें जेथें आहे तेथें असल्याचें समाधान असतें; जो फक्त दुर्मिळता पाहतो त्याला तें हातीं आल्याशिवाय चैन पडत नाहीं.

दशमान नाण्यांनीं भेद संपले असें मात्र नाहीं. हिंदुस्थानांत १९५७ सालीं दशमान पैसा आला तेव्हां त्यावर नये हा शब्द होता व १९६४ मध्यें तो गेला. इंग्लंडांतहि १९७१ पासूनच्या नाण्यांवर नवे पेन्स असे शब्द होते, आणि १९८२ मध्यें नवे हा शब्द गाळून त्याच्या जागीं अक्षरांत किंमत आली. पण १९८३ च्या दोन पेन्सच्या थोड्या नाण्यांवर चुकून जुना ठसा लागला व तो शब्द परत आला. तीं नाणीं संग्राहकांच्या संचांतलीं आहेत. त्या सालाचें दोन पेन्सचें नाणें व्यवहारासाठीं निघालेंच नव्हतें. तेव्हां १९७१ ते १९८१ मधील नवे पेन्सचें नाणें पाहून कोणी हुरळून जाऊं नये; तीं अगणित आहेत. सन १९९२ मध्यें एक व दोन पेन्सचीं नाणीं ब्राँझऐवजीं तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचीं झालीं. त्यांची परीक्षा मुलाच्या खेळांतला लोहचुंबकहि करतो. दोन पेन्सचें १९९८ चें नाणें दोन्ही धातूंत मिळतें. तें चुंबकाला चिकटलें तर पोलाद, न चिकटलें तर ब्राँझ. सन २००८ मध्यें वीस पेन्सच्या नाण्यावरील साल काट्यावरून छाप्यावर नेण्याचें ठरलें; पण नव्या काट्याला कोठें कोठें जुना छापा जोडला गेला, आणि कोणत्याच बाजूस साल नसलेलीं नाणीं व्यवहारांत शिरलीं. पुढच्या वर्षीं तीं लोकांच्या ध्यानांत आलीं. छाप्याची व काट्याची जोडी चुकण्याची १८६० मधली गोष्ट जवळजवळ दीडशें वर्षांनंतर पुन्हां घडली. यंत्रें बदललीं, माणूस बदलला नाहीं.

आज चार्ल्स राजाच्या दोन पेन्सच्या नाण्यावर ब्रिटानिया नाहीं. तेथें तांबडी खार बसली आहे. व्यवहारांत रोकड मोड कमी होत चालली आहे, आणि नाणें हातांत घेऊन पाहण्याचे प्रसंगहि त्याबरोबर कमी होत आहेत. तरी विलायतेहून शिकून किंवा बोटीवर नोकरी करून परतलेल्या एकाद्या आजोबांची पेटी या देशांतहि कांहीं घरांत असेल, आणि तिच्या तळाशीं दोन-चार काळ्या पेन्या पडलेल्या असतील. बहुधा त्यांची किंमत फारशी नसेल. ही गोष्ट आधींच मनाशीं धरलेली बरी. पण त्या बाहेर काढून खिडकीपाशीं न्याव्या, आणि न घांसतां पाहाव्या. समुद्राची रेषा कोठें मिळते, सालाशेजारीं एकादें अक्षर आहे काय, कडेच्या मजकुरांत इंड इंप आहे कीं गेलें आहे, एवढें पाहावें. जें दिसतें तें लिहावें. जें दिसावें असें वाटतें तें लिहूं नये. या दोहोंतला फरक ज्याला एका पेनीवर साधला, त्याला पारख म्हणजे काय तें कळलें.